चाळीस घरांचं झबलं

उल्कानने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. बार ऐकला की पन्नाशी उलटल्यावरही तिच्या हातातला चहा सांडायचा. तरीपण शिकारीच्या मोसमात बिश्केकला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या बंदुका कुठल्या विमानाने आणायच्या आणि कुठल्या गावाला चुकूनही टेकू द्यायच्या नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मेदेरच्या शिकार कंपनीत ड्रायव्हरपासून खुद्द मेदेरपर्यंत सगळे तिला 'एजे', म्हणजे थोरली बहीण म्हणत, आणि तिला वचकूनही असत.

मूळची ती नारिन भागातल्या शाळेतली जर्मनची मास्तरीण. मुलांना इंग्रजी हवंसं झालं, जर्मनचे तास बंद पडले, आणि एजे घरी बसली. मेदेरच्या वडिलांना तेव्हा ऑस्ट्रिया-जर्मनीच्या शिकाऱ्यांना पत्रं लिहायला माणूस हवं होतं. पत्रं लिहिता लिहिता ती तिकिटं पाहू लागली, आणि तिकिटं पाहता पाहता तिची एक जाडजूड वही झाली. कोण काडतुसं वेगळ्या पेटीत मागतो, कुठे नुसतं विमान बदलायलाही महिनाभर आधी परवाना लागतो, सगळं त्यात होतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: तिकीट एक, टॅग एक, मधे बाहेर पडणं नाही.

"दोन तिकिटं जोडलीत की मधल्या गावात पेटी सामानाच्या पट्ट्यावर येते," ती शिकाऱ्यांना दटावून सांगायची. "पेटी पट्ट्यावर आली म्हणजे तुम्ही त्या देशात बंदूक आणलीत. कागद नसला तर बसा मग!" कुणी जवळच्या, स्वस्त वाटेचा हट्ट धरला तर म्हणायची, "जवळून जायचंय ना? मग हात हलवत जा. बंदूक आहे तर लांबून या." बावीस वर्षांत तिने वाट ठरवून दिलेली एकही बंदूक हरवली नव्हती की अडकली नव्हती. याचा तिला गर्व होता. का नसावा?

अलोइस कोफ्लर हा तिचा जुना पाहुणा. ऑस्ट्रियातला, लाकडाच्या वखारीचा निवृत्त मालक, एकाहत्तर वर्षांचा. सहाव्यांदा आला होता, रानबोकडाच्या शिकारीला. त्याची रायफल त्याच्या वडिलांची होती. दस्त्यावर वडिलांच्या अंगठ्याने झिजून खळगा पडला होता, आणि अलोइसचा अंगठा नेमका त्यात बसायचा. त्या शरदात त्याने एकच गोळी झाडली, ती चुकली, आणि तो खूश होऊन डोंगरावरून उतरला.

नेमकं त्याच सुमारास एजेची लेक पेरिझात परदेशात बाळंत झाली होती. ती तिथे शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. त्या शहराचं नाव इथे घेत नाही. दोष शहराचा नव्हता आणि त्याच्या कायद्याचाही नव्हता. आमच्याकडे मूल चाळीस दिवसांचं झालं की त्याला चाळीस चमचे पाण्याने अंघोळ घालतात आणि चाळीस घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं झबलं चढवतात. त्याशिवाय मूल आपलं झालं असं कुणी मानत नाही. एजे गल्लीतून घरोघर फिरली. मेदेरच्या आईने आपल्या जुन्या रुमालाचा कोपरा कापून दिला. झबलं शिवून तयार झालं तेव्हा चाळिसावा दिवस पाच दिवसांवर आला होता.

"टपालाने पाठवलं तर पोर चालायला लागल्यावर पोचेल!" पेरिझात फोनवर रडकुंडीला आली होती. "कुणी येणारं नाही का, अपा?" आईला ती अपा म्हणायची.

येणारं कुणीच नव्हतं. जाणारा एक होता, अलोइस.

परदेशी निघालेल्याच्या बॅगेत अर्ध्या गल्लीचं सामान कोंबायचं, ही आमची जुनीच खोड. नाही म्हणायची रीत नाही. एजेने अलोइसला विचारलं आणि त्याने लगेच हात पुढे केला, "आणा. किती मोठं आहे?" पण त्याचं परतीचं तिकीट त्या शहरावरून नव्हतंच. एजेने ते रद्द करून दोन तिकिटं जोडली, मधे सात तास ठेवले. म्हातारा बाहेर येईल, पेरिझातच्या हातात पुडकं देईल, परत आत जाईल. पेटी मात्र थेट घरापर्यंत जाईल, असं विमानतळावरचा ओळखीचा माणूस म्हणाला होता. "होऊन जाईल, एजे." ज्या 'होऊन जाईल'वर तिने बावीस वर्षं दुसऱ्यांना झापलं होतं, त्याच 'होऊन जाईल'वर तिने मान डोलावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ती स्वतः त्याला विमानात बसवून द्यायला गेली. पोलिसाने रायफलचा नंबर ताडून पाहिला, पेटीला कुलूप लागलं, टॅग बांधला. बांधणारा तो ओळखीचा माणूस नव्हता, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. अलोइसने सवयीने टॅग उलटा करून वाचला. एजेनेच त्याला ती सवय लावली होती. मग त्याने तो तिच्या चष्म्यासमोर धरला. तिला तो जर्मन रीतीने 'फ्राउ', म्हणजे बाई, म्हणायचा.

"फ्राउ उल्कान, हे बरोबर आहे ना?"

टॅगवरची तीन अक्षरं मधल्या शहराची होती, म्हणजे पेटी तिथेच पट्ट्यावर उतरणार होती. एजेने ती वाचली. पेटी परत घ्यावी, तिकीट बदलावं, एवढा वेळ हातात होता. पण मग झबलं जाणार नव्हतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "काही अडचण नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर फोटो आला. नातू झबल्यात, दोन्ही मुठी आवळलेल्या, मेदेरच्या आईचा रुमाल बरोबर छातीवर. खाली पेरिझातने लिहिलं होतं, "ते आजोबा बाहेर आलेच नाहीत, अपा. एका पोलिसाने पुडकं आणून दिलं. त्यांना आत का ठेवलंय?"

अलोइसला दोन दिवस ठेवून घेतलं. एकाहत्तराव्या वर्षी, बाकावर. मग माणूस सोडला, बंदूक नाही सोडली. वकिलाची पत्रं झाली, विनंत्या झाल्या. शेवटी उत्तर आलं की नियमाप्रमाणे ती नष्ट केली आहे.

अलोइसचं कचेरीला पत्र आलं. जर्मन एकट्या एजेला येत असल्यामुळे ती नेहमी पत्रं सगळ्यांसमोर वाचून सांगायची, तसं तिने हेही सांगितलं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं: "शहर पाहायचं म्हणून वाट बदलायचा हट्ट माझा होता. टॅग मी वाचला नाही. फ्राउ उल्कान यांचा यात काही दोष नाही."

टॅग मी वाचला नाही! हे वाक्य एजेने आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत, सगळ्यांना ऐकवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिने पत्राची घडी घातली.

"हट्टी म्हातारा!" मेदेर म्हणाला. "एजे, तुम्ही कशाला जीवाला लावून घेता? तुम्ही तर सांगितलंच असणार."

"हो," एजे म्हणाली.

त्यानंतर वर्षभर मेदेर प्रत्येक नव्या शिकाऱ्याला अलोइसची गोष्ट सांगायचा. "एजेचं ऐकलं नाही, आणि बापाची बंदूक घालवून बसला. ऐका हो, ऐका!" लोक हसायचे. एजे वहीत डोकं खुपसायची. चोराच्या मनात चांदणं. कुणी नुसतं 'टॅग' म्हटलं तरी तिचे कान तापायचे. नातवाचा फोटो तिने कुणालाच दाखवला नाही. शेजारणी विचारायच्या, "अगं, आमच्या चिंध्या शोभल्या का?" ती म्हणायची, "फोन बिघडलाय."

पुढच्या उन्हाळ्यात अलोइसचं पत्र आलं. चहाची वेळ होती, मेदेर ब्रेड मोडत बसला होता. "वाचा एजे, काय म्हणतो आपला हट्टी?"

एजेने वाचायला घेतलं. "शरदात यावं म्हणतो. या वेळी तुमच्या तळावरचीच रायफल चालेल. माझ्याजवळ बंदूक नाही, तेव्हा वाट फ्राउ उल्कान यांनी हवी ती निवडावी." ती थांबली. खाली तीन ओळी उरल्या होत्या. त्या गिळल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? तिने चष्मा पुसला आणि वाचलं, "परतताना मधे थांबायला माझी हरकत नाही. मूल आता चालत असेल. त्याच्यासाठी काही द्यायचं असेल तर बॅगेत जागा ठेवतो."

"मूल?" मेदेरचा ब्रेड हातातच राहिला. "कसलं मूल?"

"माझा नातू. झबलं नेण्यासाठी वाट मीच बदलली, मेदेर. टॅग त्याने वाचला होता. मला दाखवलाही होता. मी वाचलं आणि म्हणाले, बरोबर आहे."

मेदेरने ब्रेड खाली ठेवला. मग म्हणाला, "वर्षभर मी त्या माणसाला चारचौघांत मूर्ख ठरवत होतो. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात, एजे?"

वही तिने त्याच्यासमोर सरकवली. त्याने ती परत सरकवली नाही, ठेवून घेतली.

शरदात अलोइसला आणायला दोघं गेले. म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात छोटी बॅग होती. उजवा हात मोकळा होता, आणि त्या हाताचं काय करावं हे त्याला कळत नसावं. तो खिशात घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. मेदेर पुढे होऊन माफी मागायला लागला, पण त्याला जर्मन येत नव्हतं. ते सांगायचं काम एजेचंच होतं.

तिने मेदेरचं सांगितलं. मग आपलं सांगायला तोंड उघडलं. मुलांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं माफीचं वाक्य होतं, पहिलीच्या पुस्तकातलं. ते ती म्हणाली, आणि ते पहिलीच्या पुस्तकातल्याइतकंच वाटलं. म्हणून तिने पुढे सांगितलं, "मी ती तीन अक्षरं वाचली होती, कोफ्लरसाहेब."

"माहीत आहे मला," अलोइस म्हणाला. "मीच तर धरला होता टॅग." मग त्याने मोकळा हात तिच्या खांद्यावर ठेवला. "झबलं बसलं का त्याला? पोलिसांनी उलगडलं तेव्हा मला फार लहान वाटलं होतं."

एजेने फोन काढला आणि वर्षात पहिल्यांदा तो फोटो कुणाला तरी दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा वर करून नीट पाहिला, एकेक चिंधी बोटाने मोजली. एजे मात्र फोटोकडे नाही, दस्त्याच्या खळग्यात बसणाऱ्या त्याच्या अंगठ्याकडे पाहत उभी होती.