पिवळं पोट

मिस्त्रीच्या घरात एकच नियम कडक होता: विमानाला हात हलवायचा नाही. चपला घालून आत आलेलं एखाद वेळी खपून जायचं. पण वर घरघर ऐकून लेकीने अंगणात हात उंचावला, की हा मवाळ माणूस हातातलं काम टाकून धावत यायचा आणि तो हात खाली ओढायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, "ऊन डोळ्यांत जातं." आभाळ भरलेलं असलं तरी हेच उत्तर. मोठेपणी लेकीने ते बाबांच्या खुळांत जमा करून टाकलं. बसथांब्यावर कुणी हात वर केला की बाबांचं पाऊल अडखळतं, हेही तिथेच.

मिस्त्री एकोणऐंशीचा झाला तेव्हा विमान संग्रहालयातून फोन आला. भंगारात एक जुनं शिकाऊ विमान सापडलं होतं, हवाई दलात त्याच्याच हाताखालून गेलेलं. त्याने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा फोन लेकीने घेतला. "येतील ते. घरात बसून चांगले चालणारे नळ दुरुस्त करतात. आणते मी त्यांना."

शेडमध्ये संग्रहालयाच्या बाई रंगाचे नमुने घेऊन उभ्या होत्या. "आमच्यात जुंपलीये," त्या म्हणाल्या. "अर्धे म्हणतात पिवळं, कारण ते शिकाऊ. अर्धे म्हणतात राखाडी, कारण ते लढलं. तुम्हीच काय ते सांगा."

"दोन्ही," मिस्त्री म्हणाला आणि चाकांच्या फळीवर पाठ टेकून विमानाखाली सरकला.

शिकवण्यासाठीच बनलेलं विमान ते. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, नाकात नऊ सिलिंडरचं इंजिन, वेग बेताचा आणि स्वभाव गरीब. नवशिक्याने कसंही आपटलं तरी सांभाळून घ्यायचं. लांबून दिसावं म्हणून सगळं पिवळं. रोज सकाळी डोंगरापलीकडच्या खोऱ्यावर सराव चाले. खालची माणसं हात हलवत, वरून वैमानिक विमानाचे पंख डुलवून उत्तर देई. खोऱ्यात या विमानाला 'पिवळी' म्हणत.

मग त्याच खोऱ्यात बंड उठलं. लढाऊ विमानं सरहद्दीवर अडकलेली. हुकूम आला: चार दिवसांत सहा पिवळ्या लढायला तयार करा. मिस्त्रीने मागची खुर्ची काढून तिथे रेडिओ बसवला. पंखांना आतून पट्ट्या ठोकून बळ दिलं, खाली बॉम्ब अडकवायचे आकडे लावले, दोन मशीनगन जोडल्या. काम चोख होतं, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटला होता. चौथ्या संध्याकाळी वरची बाजू राखाडी झाली आणि रंग संपला.

विमानाखालून सुरीने खरवडल्याचा आवाज आला. वंगणाचा थर निघाला, त्याखालचा राखाडी निघाला, तसा आतून पिवळा रंग डोकावला. मिस्त्री दचकला नाही. हा रंग त्याला डोळे मिटल्यावरही दिसायचा.

"वरून राखाडी द्या. पोट पिवळं," तो खालूनच म्हणाला.

"अहो, लोक म्हणतील संग्रहालयाने काम अर्धवट टाकलं!"

"म्हणू देत."

"पण असं का ठेवलं होतं? पाटीवर काहीतरी लिहावं लागेल ना. रंग कमी पडला, एवढं पुरे?"

खालचं खरवडणं थांबलं. दिसत होते फक्त त्याचे बूट. बाईंनी सुटकेची वाट आयती करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नका लिहू तसं," बूट बोलल्यासारखे वाटले. "रंग दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. साहेबांनी विचारलं, थांबू या का? मी म्हटलं, पोट राहू दे की पिवळं, खालून कोण बघतंय? सगळे हसले. मीसुद्धा."

लेक पुढे आली. "बाबा, बाहेर या आधी."

"इथेच बरंय. सकाळी विमानं गेली, परत आली. एक लेफ्टनंट होता, याच विमानावर शिकलेला. तो उतरेना. मी पंखावर चढलो, पट्टे सोडायला. म्हणाला, 'मिस्त्री, लोक पळाले नाहीत. घराबाहेर आले. हात हलवत होते.' मग म्हणाला, 'मीही पंख डुलवले. सवयीने.'"

"आणि मग?" बाईंनी विचारलं, आणि विचारल्याचा त्यांनाच पस्तावा झाला.

"मग काय. त्याचे बॉम्बचे आकडे रिकामे होते." सुरी पुन्हा खरवडू लागली. "दुपारी रंग आला."

लेक विमानाखाली वाकून वर बघत होती. त्या पिवळ्या चट्ट्याला लावायला तिचा हात उठला, अर्ध्यावर थांबला आणि तिने तो स्वतःच खाली घेतला.

बाईंनी वही उघडली. "लिहिते. मिस्त्रीने थांबू नका म्हटलं, असंच?"

"असंच. 'खालून कोण बघतंय' हेही लिहा."

बाईंनी लिहिलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "पोटाला किती रंग लागेल हो?"

"अडीच डबे," मिस्त्री म्हणाला. त्याला आठवावं लागलं नाही. "सहांना पंधरा."