शलाकाच्या ताऱ्यांचा विक्षिप्तपणा

घरात एक घाबरट माणूस पुरतो, किस्से आपसूक साठतात. आमच्याकडे शलाका राहायला आली आणि सगळं घरच घाबरट झालं!

शलाका माझी भाची. सांडोरला आमच्या घरी राहून पीएचडी करते. कॉम्प्युटरवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरवते. त्यांनी गोल फिरत जवळ यायचं आणि शेवटी आपटायचं. पण सुरुवातीचा वेग जरासा चुकतो, मग ते फिरतात लंबगोल. ह्या लंबगोलपणाला ती ताऱ्यांची विक्षिप्तता म्हणते. ते सुधारलं नाही तर पीएचडी अडणार. इन्स्टिट्यूटच्या मोठ्या मशीनवर तिला आता शेवटची संधी उरली होती.

बायकोने विचारलं, "नक्की करतेस काय गं?"

"मामी, विक्षिप्तता कमी करते."

"मग आधी ह्यांना घे!"

मी हसलो. शलाका नाही हसली.

*

तिने मला आलेख दाखवला. ताऱ्यांमधलं अंतर सरळ कमी होत जायला हवं, पण रेघ नागमोडी. कमी होता होता मध्येच वाढायचं.

"हे तर माझं नि तुझ्या मामीचं!" मी म्हणालो.

"मामा, हसू नकोस. ही लाट मोजून वेग बदलायचा नि परत पहिल्यापासून. आता चुकलं तर संपलंच."

*

भरदुपारी लाइट गेली. शलाका किंचाळली!

"अगं, लाइट इथली गेली. तारे तिकडे मशीनमध्ये आहेत!"

"ते मला माहितेय, मामा. हातांना कुठे माहितेय?" हातांनी लॅपटॉप पोटाशी घट्ट धरला होता.

*

शेजारच्या हेमंतने नायगावला टॉवरात फ्लॅट बुक केलाय. त्याला मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "शलाकाचे तारे आपटणार."

"कधी?"

"तिचं काम झालं की."

सकाळी हा दारात! "पोरी, जरा सावकाश घे. पझेशन तरी मिळू दे!"

*

नवे वेग घालून शेवटचं काम मशीनवर चढलं. फोन वाजला की तिघेही दचकायचो. अखेर आलेख आला. शलाका भिंतीकडे तोंड करून बसली.

"मामा, तू बघ. लाट आहे?"

मी चष्मा लावला. रेघ घसरगुंडीसारखी खाली गेलेली.

"नाही गं."

"थट्टा नको ना, मामा!"

"देवाशपथ नाही!"

"मामी, तू बघ."

बायकोने वाकून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली, "इतकी सरळ? काय केलंत हो त्या रेघेला?"