सुटायला जागा

नोकरीसाठी पहिल्यांदा निघालो तेव्हा पेणच्या एसटी स्टँडवर मला सोडायला बाबा आले नव्हते. आई डबा घेऊन आली, धाकटी बहीण सुलू माझी बॅग ओढत आली. बाबा आमच्या गणपतीच्या कारखान्यातच थांबले. साच्यात शाडू दाबलेला आहे, टाकून कसा येऊ, म्हणाले. मान वर न करता विचारलं, "गाडी कधी सुटते?" बस्स. मला भयंकर राग आला. तो खोपोलीपर्यंत टिकला, मग मी डबा उघडला.

आता मी चाकणला, निघोज्याजवळच्या एका डिझाईन स्टुडिओत क्ले मॉडेलर आहे. सुपरकार रस्त्यावर येण्याआधी पूर्ण आकाराची, मातीची बनते. पेणमध्ये हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. ही माती मेणाची, ओव्हनमध्ये तापवून लावायची. पहिल्या दिवशी मी सवयीने पाण्याची बादली मागितली. तिथल्या लोकांना वाटलं, फरशी पुसायला नवीन माणूस आलाय.

सध्याची कार हायब्रिड आहे. ड्रायव्हरच्या मागे पेट्रोलचं इंजिन, पुढच्या चाकांना मोटर, सीटच्या पाठीशी बॅटरी. इंजिन तापतं, बॅटरीही तापते, आणि दोघांनाही वारा हवा. म्हणून दाराच्या मागे हवा ओढणारं मोठं तोंड लागतं. इंजिनिअर म्हणतात तोंड वाढवा, डिझायनर म्हणतो कंबर बारीक ठेवा, आणि या भांडणात माती तासायची पट्टी घेऊन मी उभा. शेवटी मी तोंड मोठं ठेवलं आणि त्याची कड आत वळवली, सोंडेच्या टोकासारखी. फार देखणी झाली. दोन्ही बाजू खूश.

मग आमचा इम्रान आला. निघोज्याचाच, कार्बन फायबरचे भाग ज्यात बनतात ते साचे करतो. कडेवरून बोट फिरवून म्हणाला, "भावा, दिसायला लई भारी हाय. पण आत वळल्याली कड साच्यातनं सुटणार न्हाई राव. मोडूनच काढावं लागंल."

हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. "सुटायला जागा ठेव रे," बाबा म्हणायचे, "नाहीतर मूर्तीही जाते आणि साचाही." पेणच्या पोराला हे चाकणमध्ये ऐकावं लागलं! मी कड तासून सरळ केली. थोडी कमी देखणी झाली.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. त्यांचा हात आता थरथरतो. "यंदा काय ते सांग," म्हणाले. "तू परत येऊन कारखाना बघणार असशील तर तसं, नाहीतर मी दुसरी सोय करतो." दरवर्षी मी हे टाळत आलो होतो. बायकोची नोकरी, चिंचवडचा फ्लॅट, मुलीची शाळा, कारणं भरपूर होती आणि सगळी खरी होती. पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. मला हे काम आवडतं, आणि ते बाबांना सांगायची भीती वाटत होती.

त्या दिवशी सांगून टाकलं. "मी नाही येणार, बाबा. कारखाना सुलूला द्या. आत्ताही तीच बघतेय सगळं."

मग लगेच मी त्या कडेची गोष्ट सांगितली.

"आता सुटेल?" त्यांनी विचारलं.

"सुटेल."

"मग झालं तर."

गणपतीआधी पेणला गेलो. बाबांच्या पाटावर सुलू बसली होती. मी एका मूर्तीला हात लावायला गेलो तर म्हणाली, "दादा, आधी साबणाने हात धू. तुझ्या मातीचं मेण शाडूला लागेल." तिचं बरोबर होतं. तरी नळाखाली हात धुताना पाहुणा झाल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटलं. घर कुठे, असं कुणी विचारलं तर हल्ली मी चिंचवड सांगतो. माझ्यासारखे बाहेर पडलेले बहुतेक सगळे असंच काहीतरी सांगत असतील.

निघताना या वेळी बाबा स्टँडवर आले. गाडी हलली. त्यांनी हात हलवला नाही, नुसते बघत राहिले. साच्यातून मूर्ती निघताना ते असेच बघायचे, कुठे काही तुटलं तर नाही ना.