सावद्याची केळी मी नासवली, अरुणभाऊंनी नाही

अरुणभाऊ आज पहाटे गेले आणि मला रडू यायच्या आधी राग आलाय.

या माणसाने मला इतकी वर्षं खरं बोलू दिलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात त्यांचं छोटं वर्कशॉप. ते साक्रीकडचे, इंजिनिअर. मी दहावीला दोनदा आपटलेला, सोल्डरिंगला ठेवलेला. त्यांच्या चपला पंख्याला बांधणं हे माझं मेन काम.

केळी पिकवायच्या खोलीचा गारवा सांभाळणारा कंट्रोलर बनवत होतो. एक मेन कार्ड, एक तापमानाचं कार्ड. दोन्हींच्या आतल्या घड्याळाची चाल वेगळी. मेन कार्ड विचारणार, "किती?" दुसरं सावकाश मोजणार, मग "तयार" म्हणणार. तोवर मेनने थांबायचं.

हे सगळे सवालजवाब गॅल नावाच्या एका छोट्या चिपमध्ये प्रोग्राम केलेले.

आणि ती अडकायची. "तयार"चा सिग्नल अडनिड्या क्षणी आला की मशीन ठप्प.

भाऊ आठवडाभर सिग्नल बघायच्या स्कोपला चिकटलेले. डिलिव्हरी उद्यावर.

"भाऊ, थांबायचंच कशाला? लगेच तयार म्हणून टाकू ना!"

"तू चहा आण."

आणला. मग ते जेवायला गेले तेव्हा प्रोग्रामची एक ओळ बदलून नवीन चिप बनवून बसवली. विचारलं रे विचारलं, की "तयार".

मशीन अडकायचं बंद! भाऊंना वाटलं, सकाळी वायरिंग बदललं त्याने झालं. खुशीत मला पेढा दिला. मी खाल्ला पण.

टेबलावर कोणाला कळणार? तापमान दिवसभर तेच. जुना आकडा काय अन् नवा काय. पण मोजणं पुरं व्हायच्या आतच मेन पुन्हा विचारणार, म्हणजे सुरू करतानाचा आकडाच अडकून राहणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सावद्याला मशीन बसवलं, चार दिवसांनी बंद खोली उघडली. केळी काळी, पाणी सुटलेलं. आत भट्टी, डिस्प्लेवर मात्र मस्त सतरा अंश.

मालक आबा दारातच उभे. "काय केलं हे, भाऊ?"

भाऊंनी सेन्सर मुठीत धरला. मिनिटभर. सतराच.

मग चिप काढली. वरच्या लेबलवरचं अक्षर बघितलं. माझं. लेबल सोललं आणि खिशात टाकलं.

मी तोंड उघडलं.

"तू चूप बस." मग आबांना म्हणाले, "मनी चूक शे आबा. बठ्ठी मनी." सगळी चूक स्वतःच्या माथी.

परत येताना एसटीत एक शिवी नाही. भुसावळ गेल्यावर एवढंच, "उद्या दोन फ्लिपफ्लॉप घालू. सिग्नल दोनदा बघायचा, मगच मानायचा."

अरे, मला एक थोबाडीत तरी मारा ना!

सिग्नल धरून ठेवणारी ती दोन छोटी सर्किटं घातली, माझी ओळ काढली. मशीन परत कधी अडकलं नाही. पण सावदा-रावेरकडून परत एक ऑर्डर आली नाही.

कितीदा म्हटलं, "भाऊ, आबांना सांगून येतो."

"काही गरज नाही. लोकं विसरले."

विसरले कुठे? आज स्मशानात सावद्याचा एक जण बोललाच, "माणूस देव, पण मशीन नको रे भो त्यांचं."

तर ऐका. मशीन त्यांचं बरोबर होतं. वाट मी लावली. सावद्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे टाका, माझ्या नावासकट.

नमस्कार, भाऊ. चिडलोय अजून.