म्हसोबाचा फर्लांग

नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर आमचं गाव आहे. सडक गावाच्या मधून जाते. दोन्ही बाजूंना ओटे, आणि ओट्यांवर माणसं, शेळ्या, खाटा, वाळत घातलेल्या मिरच्या. सर्व्हिस मोटार सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तिच्याखाली एक वासरू सापडलं. गावानं अर्ज केला आणि काही महिन्यांनी वेशीवर लोखंडी पाटी लागली: गावातून मोटार ताशी दहा मैलांपेक्षा जास्त वेगानं नेऊ नये.

पाटीमागोमाग एक जमादार आला. माणूस घाटावरचा, बोलायला गोड, आणि त्याच्याजवळ सेकंद दाखवणारं सरकारी घड्याळ होतं. त्यानं पहिल्याच दिवशी चावडीपुढं लोकांना कायदा समजावून सांगितला. पहिल्या वेळी दंड. दुसऱ्या वेळी दुप्पट दंड आणि लायसनवर शेरा. तिसऱ्या वेळी लायसन रद्द. वेग मोजायची रीतही त्यानं सांगितली. सडकेला दर फर्लांगाला दगड असतो. एका दगडापाशी शिपाई उभा राहील आणि मोटारीचं पुढचं चाक दगडाला आलं की रुमाल टाकेल. पुढच्या दगडापाशी जमादार घड्याळ घेऊन बसेल. ताशी दहा मैलांनी एक फर्लांग जायला पंचेचाळीस सेकंद लागतात. त्याहून कमी लागले की गुन्हा.

हिशेब बरोबर होता. मी तिथल्या तिथं करून पाहिला.

मोटार चालवणारा नंदुरबारचा मुसलमान होता. त्याच्या बापाचा टांगा होता आणि तो स्वतःही पुष्कळ वर्षं टांगा हाकत होता. मोटारी आल्यावर त्यानं घोडी आणि टांगा विकून ड्रायव्हरी शिकून घेतली. लायसन मेणकापडात गुंडाळून तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवी. गाव त्याला मामू म्हणे. सगळ्या सर्व्हिसमध्ये त्याच्याइतका सावकाश चालवणारा दुसरा नव्हता, आणि त्याबद्दल गाडीतले लोक त्याला रोज बोलत. "मामू, खाले उतरीसन ढकलू का?" "मामू, मन्हा बैल जुंपी दे पुढे." तो हसे आणि म्हणे, "बसा बसा, पोहचाडस तुमले."

गाडीतला वेगाचा काटा मेलेला होता. मालकाला तो बदलायचा नव्हता. मामू वेग कसा ओळखतो हे मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "बापू, मन्ही घोडी दुडकी चाले, तितलाच. गावमा त्यानावर जातच नही." जन्मभर तो त्या घोडीच्या मागं बसलेला होता. तिची चाल त्याच्या अंगात होती.

तरी पहिल्या महिन्यात तो पकडला गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा.

आता या दगडांबद्दल सांगतो. गावाच्या नंदुरबारकडच्या तोंडाला दोन नंबरचा फर्लांगाचा दगड आहे. तो जागेवर आहे. तीन नंबरचा दगड नाल्याच्या काठाशी होता. एका पावसाळ्यात नाल्याला मोठा पूर आला आणि तो दगड गेला. पूर ओसरल्यावर नाल्याच्या गाळात तसाच एक दगड सापडला, पण तो तीन नंबरचा नव्हता. वरच्या अंगाला सडक पुन्हा नाल्याला मिळते, तिथून वाहत आलेला होता. त्यावर पाचाचा आकडा कोरलेला होता. तो गाळातून काढायला हात लावलेल्यांत मी होतो आणि आकडा मी वाचला होता. त्या वर्षी आजूबाजूच्या गावांत ढोरं मेली, आमच्या गावात एकही मेलं नाही. लोकांनी तो दगड सडकेच्या कडेला निंबाखाली उभा केला, शेंदूर फासला, आणि तो म्हसोबा झाला. शेजारची एक म्हातारी रोज त्याच्यावर तांब्याभर पाणी घालू लागली. दरसाल शेंदराचा थर वाढत गेला. आकडा आत गेला.

सडकेच्या मुकादमानं नवा दगड बसवलाच नाही. कडेला एक उभा होता, त्याला तेवढं पुरलं.

जमादाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला दोन दगड दिसले. निंबाची सावली चांगली होती. तो म्हसोबाच्या शेजारी घोंगडी टाकून बसू लागला. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गाव बोललं नाही. उलट बाजाराच्या दिवशी निंबाखाली माणसं जमत. मामू सापडतो की सुटतो यावर विड्यांच्या पैजा लागत. शिपायाचा रुमाल पडला की सगळे गप्प होत आणि जमादारानं घड्याळ दाबलं की त्याच्या तोंडाकडं पाहत.

तिसऱ्या वेळी मी गाडीत मामूच्या शेजारी बसलेलो होतो. नंदुरबारहून सरकी घेऊन येत होतो. दोन दंडांनंतर मामू गावात शिरताना घाबरत असे. त्या दिवशी त्यानं गाडी इतकी धिमी केली की मागून एक बाई म्हणाली, "हाई मोटार शे का पाळणा?" रुमाल पडलेला मी पाहिला आणि सवयीनं स्वतःचं घड्याळ काढलं. म्हसोबापाशी आलो तेव्हा छत्तीस सेकंद झाले होते.

"छत्तीस," जमादार म्हणाला. "म्हणजे ताशी साडेबारा मैल. उतर खाली."

मामू उतरला. त्यानं मेणकापड काढलं, पण जमादाराच्या हातात दिलं नाही. धरून उभा राहिला.

"साहेब, गाडी पळनीच नही. यास्ले इचारा."

"घड्याळ खोटं बोलतं का?" जमादारानं मला विचारलं.

"घड्याळ खरं आहे," मी म्हणालो. "माझंही छत्तीसच सांगतं."

गाडीतले लोक हसले. मामूनं माझ्याकडं पाहिलं आणि मेणकापड पुढं केलं.

वेळ बरोबर असेल आणि वेग बरोबर नसेल, तर चूक अंतरात असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलाठ्याकडून जमिनीच्या मोजणीची साखळी मागून आणली. दहा साखळ्यांचा एक फर्लांग होतो. माझ्या गड्यानं एक टोक धरलं, मी एक धरलं. दोन नंबरच्या दगडापासून म्हसोबापर्यंत साडेसात साखळ्या भरल्या. पुन्हा मोजलं. साडेसातच. म्हणजे मामूचा वेग साडेनवाच्याही आत होता. त्या दोन दगडांमध्ये आठ मैलांनी धावणारी बैलांची दमणीसुद्धा गुन्हेगार ठरली असती.

साखळी गुंडाळत होतो तेव्हा निंबाखाली पोलीस पाटील आणि तीन-चार जुनी माणसं येऊन उभी होती.

"बापू, काय मोजी ऱ्हायनात?" पोलीस पाटलानं विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे दगड हालाडनं पडी."

"दगड राहू द्या. कोर्टात एवढंच सांगायचं, की हा फर्लांगाचा नाही."

"सांगं म्हणजे सरकार उपटी लयी जाई," पोलीस पाटील म्हणाला. "एक मुसलमानना लायसनकरता आम्ही आमना देव दी टाकाना का?"

"त्याची भाकरी जाते."

"टांगा हाकी. पयले हाकेच ना."

टांगा विकलेला होता. हे त्यांनाही ठाऊक होतं.

खटल्याच्या दिवशी मी नंदुरबारला कोर्टात गेलो आणि जे मोजलं ते सांगितलं. दगडावर पाच आहे, तीन नाही, हेही सांगितलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पोलीस पाटलाला उभं केलं.

"दगड हलवलेला आहे?"

"नही साहेब. पयलेपासून तठेच शे. म्हसोबानी आन." म्हसोबा तिथंच होता, असं त्यानं म्हसोबाच्याच शपथेवर सांगितलं आणि खाली बसला. त्याच्यामागं आणखी दोघांनी तेच सांगितलं.

साहेब विचारी माणूस होता. त्याला गंमतही वाटत असावी. त्यानं मला विचारलं, "शेंदूर खरवडला तर आकडा दिसेल?"

"दिसेल."

"मग प्रश्नच मिटला. पुरावा आरोपीनं द्यायचा आहे. आरोपीनं जमादार आणि पंचांसमोर दगड खरवडून आकडा दाखवावा. पाच निघाला तर मी त्याला सोडून देईन."

मामूनं हात जोडले. साहेब फार न्यायानं वागले असं त्याला त्या क्षणी खरंच वाटलं असावं. कोर्टाबाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "बापू, खरवडानं म्हणजे मीच?"

मी परत आत गेलो आणि शिरस्तेदाराला म्हणालो की खरवडायचं काम मी करतो, मी गावचा आहे, हिंदू आहे. त्यानं हुकूम पुन्हा वाचला आणि म्हणाला, "यात आरोपी लिहिलंय."

दोन दिवसांनी सकाळी सगळं गाव निंबाखाली होतं. बायका ओट्यांवर चढून उभ्या होत्या. पैजा लावणारे पुढं होते. जमादारानं घोंगडी गुंडाळून ठेवली होती आणि कुणाकडून तरी एक खुरपं मागून आणलं होतं. ते त्यानं मामूच्या हातात दिलं.

"घे. साहेबांनी सोय केली आहे तुझी."

मामू वेशीबाहेर वहाणा काढून आला होता. तो म्हसोबापुढं उकिडवा बसला. खुरपं डाव्या हातात होतं. ते त्यानं उजव्या हातात घेतलं.

"खरवड मामू," गर्दीतून एकजण म्हणाला. "आम्ही देखी ऱ्हायनूत."

"जोरमा नको," दुसरा म्हणाला. "ताशी दहा मैलनी चालना पायजे हात."

लोक हसले. मी पुढं झालो आणि म्हणालो, "जमादार, मी गावकरी म्हणून सांगतो, मी खरवडतो."

"तुम्ही खरवडलं तर ते खरवडणं होईल, पुरावा होणार नाही," जमादार म्हणाला. "मागं व्हा, बापू."

रोज पाणी घालणारी म्हातारी तांब्या घेऊन आली होती. ती मामूच्या अगदी जवळ उभी राहिली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "हात लायी देख. मंग ह्याच सडकवर तुन्ही मोटार कशी जास ते मी देखस."

मामूनं शेंदराकडं पाहिलं. निंबाच्या बुंध्याएवढा तो दगड फुगला होता. दोन बोटं खोल खरवडलं असतं तर आकडा लागला असता. त्यानं मागं वळून गर्दीत मला शोधलं.

"बापू, घरमा लेकरं शेतस," तो म्हणाला.

मग त्यानं खुरपं जमिनीवर ठेवलं, पातं स्वतःकडं करून, जसं कुणाला परत द्यायचं असावं तसं. उठला आणि वहाणा घ्यायला वेशीकडं गेला. जमादारानं पंचांच्या सह्या घेतल्या. पंचनाम्यात त्यानं लिहिलं की आरोपीस संधी देऊनही त्याला पुरावा देता आला नाही. हे वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द मला खोडता आला नसता.

लायसन रद्द झालं.

मोटारीच्या मालकानं धुळ्याहून एक तरुण ड्रायव्हर आणला. आपल्यातलाच. त्याला कुणीतरी सगळं समजावून सांगितलं असावं, कारण पहिल्याच दिवशी त्यानं पुढचं चाक दगडाला लागायच्या आत म्हसोबापाशी गाडी उभी केली, खाली उतरला, नारळ फोडला, शेंदराला बोट लावून कपाळाला लावलं आणि मग गाडी पुढं काढली. नारळ फोडायच्या वेळात घड्याळ चालूच राही. त्याला फर्लांगाला तीन मिनिटं लागत, म्हणजे जमादाराच्या हिशेबानं ताशी अडीच मैल. जमादार खोबऱ्याचा तुकडा घेई. गाव म्हणे, देवाची भीड राखणारा पोरगा आहे. वेशीबाहेर पडला की तो गाडी अशी सोडी की मागं बसलेल्यांच्या टोप्या उडत. वेशीबाहेर पाटी नव्हती.

मामू त्याच मोटारीवर क्लीनर झाला. हँडल मारायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, आणि म्हसोबापाशी गाडी थांबली की खाली उडी मारून चाकामागं धोंडा लावायचा, कारण ब्रेक नीट धरत नव्हता. नारळ फुटेपर्यंत तो धोंड्यापाशी, निंबाकडं पाठ करून उभा राही. ओट्यावरून रोज कुणीतरी विचारी, "मामू, आते कितला मैल?" सुरुवातीला तो हसे. पुढं पुढं हसणं सुटलं, पण प्रश्न सुटला नाही.

पोळ्याच्या आधीच्या बाजारी नव्या ड्रायव्हरनं धानोऱ्याच्या बाजूला, वेशीबाहेर पन्नास पावलांवर, त्या म्हातारीची गाभण शेळी चिरडली. मी मागच्या बाकावर होतो. ड्रायव्हर खाली उतरला नाही, हॉर्न वाजवत बसला. मामू उतरला आणि शेळी पाय धरून सडकेच्या कडेला ओढू लागला. म्हातारी पळत आली. तिला चाकापाशी मामू दिसला, त्याच्या हातात शेळीचे पाय दिसले, आणि तिनं त्यालाच शिव्या द्यायला सुरुवात केली. त्याला, त्याच्या बापाला, त्याच्या लेकरांना.

निंबाखालून जमादार सावकाश चालत आला. मी खाली उतरून त्याला सांगितलं की गाडी तीस मैलांच्या वर होती, मी मोजलं आहे.

"कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत?" त्यानं विचारलं.

तिथं दगड नव्हता.

म्हातारीचं अजून चालूच होतं. मामूनं शेळी नीट कडेला ठेवली, हात धुळीत पुसले, आणि गाडीच्या तोंडाशी जाऊन हँडल मारलं.