चाचांनी जाळलेली मूठ

वरचा ओठ चिमटीत धरून चाचा पुढं ओढायचे आणि म्हणायचे, "असा. टोकदार. झुडपाची फांदी याच ओठानं धरतो काळा गेंडा." समोर गिऱ्हाईक सुरी घेऊन उभंच!

शहागंजच्या बोळात ते सुऱ्यांना आणि लग्नात नाचवायच्या जंबियांना, म्हणजे वाकड्या अरबी कट्यारींना, मुठी बसवत. मी कॉलेजात, पत्रकं वाटणारा. 'काळा गेंडा वाचवा' हे माझं पत्रक त्यांनी लांब धरून त्यावरचं चित्र पाहिलं. "बेटा, हा तर आपला आसामवाला. एका शिंगाचा. काळ्याला दोन असतात." गठ्ठा वाटून संपला होता. वाचणाऱ्या एकालाही चूक दिसली नव्हती. तुम्हाला तरी दिसली असती का?

चाचांची शाळा म्हणजे समोरच्या हॉटेलातला टीव्ही. पोरं क्रिकेटसाठी बोंबलायची, चाचा जनावरांचा चॅनेल लावून रिमोट मांडीखाली दाबून बसायचे. "मादी पुढं, पिल्लू मागं. नजर कमजोर. पाठीवरचं पाखरू ओरडलं की मग कळतं, आदमी आला. अशाला मारायचं! लई मर्दानगी!" एकदा म्हणाले, "तिकडं आफ्रिकेत आता शिंग कापूनच सोडतात त्याला. शिंग नाय, तर मारणारा येईल कशाला?"

त्यांचे वडील निजामाच्या फौजेतले अरब. पोलीस ॲक्शननंतर हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी जंबियाचं पातं दिलं आणि मूठ ठेवून घेतली. काळ्या गेंड्याच्या शिंगाची, मधाच्या रंगाची. घराण्याची तेवढीच निशाणी.

एके दुपारी माझ्यादेखत एक व्यापारी आला. "ही मूठ द्या, अशाच आणखी घडवा. शिंग मी आणतो. जुन्याच्या नावावर नवं खपेल."

मी शिव्याच घातल्या. तो हसला. "चाचा, पोराला काय कळतं?"

चाचा उठले. पेटीतून मूठ काढली, उजेडात धरली आणि लाख तापवायच्या शेगडीत टाकली. केस जळाल्याचा वास बोळभर पसरला. खोकत म्हणाले, "आता कशाच्या नावावर खपवतो, सांग."

"बुढ्ढा सटक गया," म्हणत तो गेला.

गल्लीनंही तेच म्हटलं. बापाची निशाणी जाळली म्हणून सख्ख्या भावानं बोलणं टाकलं, लग्नाचे जंबिये दुसरीकडं जाऊ लागले. त्या व्यापाऱ्याला मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही. अजून डोकं फिरतं माझं.

गेल्या साली चाचा गेले. जनाज्याला तो व्यापारीही आला होता, डोक्याला रुमाल बांधून. माती देऊन झाल्यावर त्यानं चाचांच्या पुतण्याला बाजूला घेतलं. "घरात आणखी काही जुनं?"

पुतण्यानं हाताची माती झटकली. "बघावं लागेल," म्हणाला.