ओके म्हणायला कोणी नव्हतं

मंडळी, आज नंदनवन भागातल्या आमच्या सोसायटीच्या नाटुकल्यात आजीचं काम केलं. शेवटचं वाक्य बोलले आणि तशीच उभी राहिले. टाळ्या संपल्या तरी हलेना.

शेजारची सुनंदा म्हणाली, "काहून थांबून राहिल्या वं काकू? झालं ना!"

नटीची सवय, दुसरं काय! दिग्दर्शक 'ओके' म्हणेपर्यंत हलायचं नाही.

ऐंशीच्या दशकात नरखेडजवळ संत्र्याच्या बागेत मी स्वतः लिहिलेला सिनेमा दिग्दर्शित केला, त्यात कामही केलं. प्रत्येक शॉटनंतर मान वळायची ती माझ्याच रिकाम्या खुर्चीकडे. मग मीच म्हणायची, "ओके."

आत्ता एकटीपुरतं पिठलं केलं. पहिला घास घेतला आणि मान वळलीच, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे.

पिठलं छान जमलं होतं हो. तुमच्या घरी 'ओके' कोण म्हणतं?